त्याच्या डोक्यावरचा बेल

वसंत ऋतू आमच्या शाळेच्या पुस्तकात होता. त्यात कोकिळा होती, आमराई होती आणि मंद वारा होता. आमच्या बीड जिल्ह्यात फाल्गुनात जो वारा सुटतो तो मंद नसतो, तो तोंडात माती घालतो. विहिरींचे तळ दिसायला लागतात, अंगणातली तुळस करपते, आणि दिवाळीनंतर साखर कारखान्यांवर ऊस तोडायला गेलेली माणसं ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेळ्या आणि पोरं घालून परत यायला लागतात. माणसं परत आली की चैत्र आला, असं आम्ही धरून चालायचो. पण त्याच कोरड्या दिवसांत बांधावरचा पळस फुलतो, कडुलिंबाला तांबूस कोवळी पालवी फुटते, आणि हिला पाणी कुठून मिळालं म्हणून माणूस थबकतो. एका वर्षी मीही अशीच थबकून राहिले होते. त्या वर्षी माझं सगळं पुढचं आयुष्य एका झाडाच्या पालवीवर टांगलेलं होतं, आणि ते तिथे टांगलं होतं माझ्या सासूनं.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि विधवा होऊन मला वर्ष उलटून गेलं होतं. माहेर आष्टीचं, सासर तलवाड्याचं. सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा नुकत्याच लटकायला लागल्या होत्या, शेजारच्या माळवदावर टीव्हीची छत्री आली होती, आणि पूर्वी ज्याच्याकडे सायकल असायची त्याला आता हप्त्यानं मोटारसायकल मिळत होती. माझ्या नवऱ्यानंही घेतली. एका संध्याकाळी गेवराईहून येताना तो उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता आणि याला वेगाची हौस होती. मी त्याच्यावर प्रेम करत होते असं म्हणायला दोन वर्षांचा संसार थोडा पडतो. हसरा होता, हात उचलत नव्हता, दुकानातून माझ्यासाठी खारे शेंगदाणे खिशात घालून आणायचा. एवढंही पुष्कळ बायकांना मिळत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

आमचं घर लिंगायतांचं. आमच्यात माणूस जाळत नाहीत. मांडी घालून, हातात त्याचं गळ्यातलं इष्टलिंग देऊन, खड्ड्यात बसवतात आणि बेल-विभूती घालून वरून माती लोटतात. याची मांडी मोडलेली होती, ती घालता येईना. शेवटी दोरीनं बांधली. सासूबाईंनी ते पाहिलं आणि तिथेच ओरडल्या, "बांदू नका रे त्याला, त्यानं काय चोरी केली?" त्यानंतर त्या बाईचं डोकं ठिकाणावर होतं असं मला कधी वाटलं नाही. हे मी तिची बाजू घ्यायला सांगत नाही. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाचा हात फार जोरात लागतो.

मोडलेली मोटारसायकल त्यांनी विकू दिली नाही. ती अंगणातल्या पत्र्याखाली उभी केली आणि रोज सकाळी फडक्यानं पुसायचं काम मला दिलं. पुढचा दिवा फुटलेला होता, त्याच्या काचेनं बोट कापायचं. "पूस नीट," त्या ओट्यावरून सांगायच्या, "तुझ्याच पायगुणानं मोडलीय." संध्याकाळी त्याच बाई टीव्हीसमोर बसून मालिकेतल्या छळलेल्या सुनेसाठी पदर डोळ्याला लावायच्या. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत असायचे आणि मालिकेतल्या सुनेचा मला हेवा वाटायचा.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सासूबाईंनी बेलाचं एक रोप आणवलं आणि शेतात, तो जिथे बसलेला आहे तिथे, बरोबर त्याच्या डोक्यावर लावलं. "आता माजं लेकरू सावलीत बसंल," म्हणाल्या. माझ्या माहितीत त्या घरातल्या कुणी स्वतःच्या हातानं लावलेलं ते पहिलं झाड. आम्ही दुकानदार माणसं. शेत होतं, पण ते बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला दिलेलं, आणि बटईदार दिवाळीनंतर बायकोपोरांसकट ऊसतोडीला निघून जायचा. झाडाला पाणी घालणं माझ्याकडे आलं. रोज पहाटे कळशी घेऊन मी शेतात जायचे. सणवार सोडले तर घराबाहेर पडायची मला तेवढीच परवानगी होती.

इथे बेलाविषयी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. बेलाचं पान आमच्या घरात रोज लागायचं. सकाळी आंघोळ झाली की सासरे डाव्या तळहातावर लिंग घेऊन बसत आणि त्यावर बेल वाहत. गुरव दर सोमवारी पानांची पुडी आणून द्यायचा. आणि बेल शिळा होत नाही असं आमच्यात मानतात. वाहिलेलं पान धुऊन पुन्हा वाहता येतं, वाळलेलंही चालतं. म्हणून देवघरात एका पितळी डब्यात वाळका बेल कायम भरलेला असायचा, पुडी लहान आली की डब्यातली पानं निघायची. बेलाचं पान आमच्या घरात बारा महिने असायचं. बेलाचं झाड बारा महिने कसं असतं, ते मात्र आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

माघात माझी आई आली. येताना तिनं स्थळ आणलं होतं. चौसाळ्याचा माणूस, हायवेवर कापडाचं दुकान, बायको आजारात गेलेली, दोन लहान लेकरं. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न होतं, त्याला उडकी म्हणतात. थाटमाट नसतो, पण होतं. आईनं त्यासाठी गावातल्या जंगम स्वामींनाही सोबत आणलं होतं, म्हणजे सासूबाईंना शास्त्राचा आधार घ्यायला जागा उरू नये.

"ईनबाई," आई म्हणाली, "आपल्यात उडकी करत्यात. वंगाळ काय न्हाई त्यात. पोरगी लहान हाय, पोटाला लेकरू न्हाई. कसं काडावं तिनं सगळं आयुष्य?"

"करत्यात की," सासूबाई म्हणाल्या. "ज्यायला लाज न्हाई ते करत्यात."

सासरे म्हणाले, "अगं, बोलू दे त्यायला." सासरे स्वभावानं मवाळ होते. त्यांचा मवाळपणा कुणाच्या कधी कामाला आला नाही.

जंगम स्वामींनी घसा साफ केला आणि शास्त्राची आडकाठी नाही, असं सांगितलं. मग सासूबाईंनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "शास्त्राला कावून इचारायचं? ज्याची बायकू हाय त्यालाच इचारा की. तो बसलाय तिथं. पाडव्याला समद्या झाडायला पालवी फुटती. त्याच्या डोक्यावरच्या बेलाला फुटली, तर त्यानं हो म्हणलं, मी सोता हिची ओटी भरून लावून दीन. न्हाई फुटली, तर पुन्ना या घरात हे नाव काडायचं न्हाई."

आईनं लगेच हात जोडले. देवाचा कौल, यापेक्षा चांगलं काय? स्वामींनीही मान डोलावली. आणि मी, दाराआड उभी असलेली मी, आतल्या आत नाचत होते. कारण मी रोज पाणी घालत होते आणि ते रोप हिरवंगार होतं. मला वाटलं, सासूबाई स्वतःच्याच बोलण्यात अडकल्या. आज म्हणता आलं असतं की त्यांना ठाऊक होतं, त्यांनी मला फसवलं, तर मला बरं वाटलं असतं. त्यांना ठाऊक नव्हतं. त्या घरात फसवायलासुद्धा कुणाला काही ठाऊक नव्हतं.

महाशिवरात्र झाल्यावर चौसाळ्याचा माणूस मला बघायला आला. बघण्यासारखं त्याच्यात काही नव्हतं. कपाळ मागे गेलेलं, शर्टाला खिशापाशी शाई सांडलेली. सोबत त्यानं आपली धाकटी मुलगी आणली होती. तिच्या केसांच्या जटा झाल्या होत्या आणि ती सारखी डोकं खाजवत होती. कुणी काही सांगायच्या आत मी तिला ओसरीवर घेऊन बसले, तेल लावलं, फणी फिरवली. ती रडली, मग गप्प झाली, आणि मग माझ्या मांडीवर झोपली. नवऱ्याची मला काही घाई नव्हती, खरं सांगते. पण ते उवांनी भरलेलं डोकं माझ्या मांडीवर जड झालं तेव्हा मला ते घर हवंसं वाटलं, त्यातल्या सगळ्या पसाऱ्यासकट. जाताना तो माणूस सासऱ्यांना म्हणाला, "पाडव्यापत्तुर थांबतो मी. त्याच्या म्होरं न्हाई जमायचं. लेकरायचे लई हाल हायेत."

आणि मग फाल्गुन लागला. त्या फाल्गुनातल्या पहाटांविषयी मला वाकडं बोलता येत नाही, म्हणून ते आताच सांगून टाकते. घरातला देव मला कधीच आपला वाटला नव्हता. तो सासऱ्यांच्या तळहातावर बसायचा आणि सासूबाईंचं ऐकायचा. पण कळशी घेऊन शेताकडे निघाले की रस्त्याकडेचे लिंब दिसायचे. आदल्या आठवड्यात ज्यांच्या नुसत्या काड्या होत्या, त्यांच्या शेंड्यांना तांबूस पालवी आलेली असायची. हात लावला तर ती ओली लागायची. बांधावर पळस होता, एकही पान नसलेला, वाकडातिकडा, आणि अंगभर फुलं. कुणाच्या तरी आंब्याचा मोहोर वाऱ्यावर यायचा. पाऊस नाही, पाणी नाही, जमीन पायाला चटका देणारी, आणि तरी ही झाडं आतून कुणाचं तरी ऐकत होती. मी त्या झाडांखाली उभी राहून मोठ्यानं म्हणायचे, "मलाबी." बस, एवढीच माझी प्रार्थना. मला आत कुठेतरी अगदी पक्कं वाटायला लागलं होतं की जो या झाडांना विसरला नाही तो मला विसरणार नाही. इतकी खात्री मला पुढे कशाचीच वाटली नाही.

फाल्गुन अर्धा झाला आणि बेलाचं एक पान पिवळं पडलं.

मी पाणी वाढवलं. आणखी दोन पडली. मी पाणी कमी केलं. मी आळं केलं, राख घातली, शेण घातलं, दुपारचं ऊन लागू नये म्हणून पळसाच्या फांद्यांचा आडोसा केला. सासूबाई आता रोज माझ्यामागून यायला लागल्या होत्या. त्या त्याच्यासमोर मांडी घालून बसत आणि बोलत, "का रं, का नाराज झालास? जेवला न्हाईस का?" पुरणपोळीचा पहिला घास आणून बुंध्याशी ठेवत. मुलाच्या डोक्यावरचं झाड वाळतंय हे त्यांना सहन होत नव्हतं, आणि ते फुटलं तर मला सोडावं लागेल हेही सहन होत नव्हतं. आम्ही दोघी त्या एका काठीपुढे बसून एकच गोष्ट मागत होतो, आणि दोघींनाही दुसरी डोळ्यांसमोर नको होती. पानं मात्र गळतच राहिली. भोवतालचा सगळा शिवार हो म्हणत होता आणि एक हातभर काठी नाही म्हणत होती.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी केली, लिंबाचा कोवळा पाला गुळासोबत वाटून सगळ्यांनी खाल्ला, आणि आम्ही शेतात गेलो. सासूबाई, सासरे, जंगम स्वामी, आणि आष्टीहून पहिल्या गाडीनं आलेली माझी आई. काठीला एकही पान नव्हतं, एकही डोळा फुगलेला नव्हता. मी खाली बसले आणि बुंध्यावर नख लावायला हात पुढे केला. झाड जिवंत आहे की मेलं हे बघायची ही रीत मला माझ्या लहानपणी शेवग्यावर करून माहीत होती, साल खरवडली की आत हिरवं दिसतं. माझं नख लागायच्या आत सासूबाईंनी माझ्या तोंडात मारली.

"लेकराला नख लावतीस माझ्या?"

"आत्याबाई, नुसतं बघते, आत वलं आसंल तर..."

दुसरी त्यांनी कानावर मारली. त्या कानानं मला दिवसभर नीट ऐकू आलं नाही. त्या ओरडत होत्या, तेवढं दुसऱ्या कानानं ऐकलं. "हिच्या मनात दुसरा भरलाय, म्हणून वाळलं माजं लेकरू! घागरीनं पानी घालती, पर मनातून इख घालती!" जंगम स्वामी उपरणं सारखं करत दूर बघत राहिले. सासरे चपला शोधत होते. आई रडत होती, पण तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यात थोडा संशयही होता. कौल तर देवाचा होता.

दुपारी सासरे एसटीडी बूथवर गेले आणि त्यांनी चौसाळ्याला फोन लावून नाही म्हणून कळवलं. परत आल्यावर त्यांनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि ते आत जाऊन झोपले. तो माणूस बोलल्याप्रमाणे थांबला नाही. चैत्र संपायच्या आत त्याचं दुसरीकडे जमलं आणि लग्नही झालं. आईनं कुणाकडून तरी निरोप पाठवून मला ते कळवलं. कशासाठी कळवलं, कोण जाणे.

त्याच चैत्रात एका सोमवारी गुरवाची पुडी आलीच नाही. आदल्या दोन सोमवारीही अगदी मूठभर पानं आली होती. सासऱ्यांनी पितळी डबा उघडला तर तळाशी नुसता चुरा. पूजा अडली. सासूबाईंनी मला ओढ्याकाठच्या महादेवाच्या देवळातून बेल आणायला पाठवलं. त्या देवळामागे बेलाचं जुनं, मोठं झाड आहे. मी शिवरात्रीला गेले होते तेव्हा ते पानांनी भरलेलं होतं.

झाडाला एक पान नव्हतं. राखाडी फांद्या, आणि त्यांना लोंबणारी गेल्या सालची टणक फळं. खाली वाळलेल्या पानांचा ढीग. मी बराच वेळ वर बघत उभी राहिले. मग बुंध्यापाशी जाऊन नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं, ओलं होतं, बोटाला लागलं. तेव्हा मला हसू यायला लागलं आणि ते थांबेना. देव साक्षीला ठेवून जे माझ्या नवऱ्याचं ‘नाही’ म्हणून सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, ते कुणाचंच काही नव्हतं. बेल या दिवसांत झडतो. बाकीची झाडं फुटतात तेव्हा तो उघडा असतो, आणि मग उशिरा फुटतो. बस, एवढंच. पिढ्यान्‌पिढ्या बेल वाहणारं घर, आणि डब्यातल्या वाळक्या पानांपायी त्यातल्या कुणी मान वर करून झाड बघितलं नव्हतं.

मी खालची पानं पदरात गोळा केली आणि घरी येऊन सगळं सांगितलं. माझा आवाज चढला होता. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "देवळातलं झाड बी वाळलं का?" त्या म्हणाल्या. "वाळंल न्हाई तर काय. तू गेली हुतीस ना शिवरातीला तिथं, पांढऱ्या पायाची."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे दुकान उघडायच्या आधी ओढ्याकडे गेले. परत आले तेव्हा मी दारात वाट बघत होते.

"मामा, बघितलं का?"

"बघितलं."

"मंग?"

त्यांनी दुकानाची किल्ली काढली. "आता काय, बाई. शबुद गेला आपला. त्याचं लगीन बी झालं." माझ्याकडे पाठ करून ते वाकून एकेक फळी काढू लागले. मला त्यांची दया आली असं लिहायला हवं, चांगल्या बायका तसं लिहितात. मला वाटलं, एखादी फळी पायावर पडावी.

तरीही मी पाणी घालत राहिले. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. घराबाहेर पडायला मिळायचं, हे एक. दुसरं असं की आता मला ठाऊक होतं ते फुटणार आहे. आणि ठाऊक असूनही, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या पहाटे त्या काठीच्या वरच्या टोकाला मला कोवळं, तांबूस, तीन दलांचं इवलंसं पान दिसलं, तेव्हा माझ्या हातून कळशी निसटली. मी मातीत बसले आणि रडले. सगळं माहीत होतं. झाड झडतं आणि फुटतं, त्यात माझ्या नवऱ्याचा काही संबंध नाही, हे इतके दिवस मीच घसा फोडून सांगत होते. आणि मीच त्या पानाला हात लावून म्हणत होते, "हो म्हणलास ना? उशिरा का हुईना, म्हणलास ना?" चौसाळ्याचं घर गेलं होतं, पण घर काय तेवढं एकच असतं? सासूबाईंनी शब्द दिला होता. ओटी भरून लावून देईन, म्हणाल्या होत्या. पाडवा नाही तर अक्षय्य तृतीया. त्या घटकेला मला जग सगळं माफ करावंसं वाटत होतं, सासूबाईंसकट. मी अनवाणी घरी पळत गेले आणि पहिल्यांदा त्यांनाच सांगितलं.

त्या माझ्या पुढे पळाल्या. गुडघ्यांचं दुखणं विसरून पळाल्या. ते पान पाहिलं आणि त्यांनी आधी काठीला आणि मग मला मिठी मारली. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. मी लहान मुलीसारखी त्यांना बिलगले. त्यांच्या अंगाला विभूतीचा वास येत होता.

"फुटलं गं बाई, फुटलं! माजं लेकरू शांत झालं."

"हो आत्याबाई."

"तू ऱ्हायलीस म्हणून. दुसऱ्या घरी गेली न्हाईस म्हणून झालं शांत. तुझं पुण्य हाय पोरी." त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आता कुटं जायाचं न्हाई. त्यानं तुला ठिवून घेतलं."

मला समजायला थोडा वेळ लागला. काठी उघडी होती तेव्हा तो नको म्हणत होता. काठी फुटली तेव्हा मी राहिले म्हणून तो खूश झाला होता. या दोन्हींच्या मध्ये मला निघून जायला जागाच नव्हती. मी म्हणाले, "आत्याबाई, तुमी म्हणला हुतात, पालवी फुटली तर..." पण त्या केव्हाच गावाकडे निघाल्या होत्या, पदर सावरत, भेटेल त्या बाईला ओरडून सांगत.

दुसऱ्या दिवशी सणाला अंगण बायकांनी भरलं. सासऱ्यांनी दुकानातून साखर काढून दिली आणि सासूबाईंनी ती चिमूट चिमूट सगळ्यांच्या हातावर ठेवली. "सून माझी लई मोठ्या मनाची," त्या सांगत होत्या. "चौसाळ्याचं एवढं मोठं स्थळ चालून आलतं. तिनंच नगं म्हणलं." मी सासऱ्यांकडे वळले. "मामा, सांगा की यायला." ते साखरेच्या डब्याचं झाकण लावत म्हणाले, "काय सांगू? झाड फुटलंय, ते खरंच हाय." बायका एकेक करून पुढे आल्या आणि माझ्या पायांना हात लावून हात कपाळाला नेऊ लागल्या. परवापर्यंत मला समोरून येताना पाहिलं की वाट बदलणाऱ्या होत्या त्या.

तेवढ्यात आई आली. आष्टीच्या गाडीतून उतरली ती सरळ शेतात गेली होती, कारण बसस्टँडवरच तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती गर्दीतून माझ्यापर्यंत पोहोचली. तिच्या हातात माझ्यासाठी आणलेल्या आमरसाचा डबा होता. मला इतकं हायसं वाटलं की मी तिच्या खांद्याला धरून तिच्या कानात म्हणाले, "आई, मी नगं म्हणले न्हाई गं. तू हुतीस की तिथं. मला जायचं हुतं. अजूनबी जायचंय. दुसरं कुटलंबी बघ."

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "आसं बोलू नै, बाई. खाली बसलेला आयकतो."

मग तिनं डबा खाली ठेवला. ती वाकतेय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी पाय मागे घेतले, पण तिनं माझे घोटे धरले, घट्ट, लहानपणी काटा काढताना धरायची तसे, आणि कपाळ टेकवलं. वर आली तेव्हा तिचा चेहरा मोकळा झाला होता. इतक्या दिवसांची तिच्या जिवाची काळजी उतरली होती, आणि ती उतरवून ती माझ्या पायांवर ठेवून उभी राहिली होती. संध्याकाळच्या गाडीनं ती आष्टीला परत गेली, आणि त्यानंतर तिनं माझ्यासाठी कधी स्थळ आणलं नाही.